नाताळ, सांताक्लॉज आणि येळवस

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा दाटीवाटीचा असतो. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते. तिच्या पाठोपाठ अमावस्येला लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या नांदेड-बिदरच्या पट्ट्यात वेळ अमावस्या येते. बोलीत तिला येळवस म्हणतात. लातूरचे जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुटी जाहीर करतात आणि शहराचे रस्ते ओस पडतात. ज्याला शेत आहे तो शेतात असतो, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवायला गेलेला असतो. २५ डिसेंबरला आंबेडकरी वस्त्यांत मनुस्मृती दहन दिनाचे कार्यक्रम होतात, कारण १९२७ साली याच तारखेला महाडला ती जाळली गेली. नांदेडच्या शीख घरांसाठी हा आठवडा गुरू गोविंदसिंगांच्या साहिबजाद्यांच्या हौतात्म्याचा. २०२२ पासून २६ डिसेंबर देशभर वीर बाल दिवस म्हणून पाळला जातो. २०१४ पासून काही जण २५ डिसेंबरलाच तुळशीपूजनही करू लागले आहेत. या सगळ्यांच्या मधोमध नाताळ.

आणि नाताळ म्हणून गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत जे विकले जाते ते काय? लाल टोप्या, कापसाच्या दाढ्या, प्लॅस्टिकची हिरवी झाडे, चमकीच्या माळा. विकत घेणाऱ्यांत ख्रिस्ती माणसे अगदी थोडी. दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्या जनगणनेच्या आकड्यांत अर्ध्या टक्क्याहून कमी भरते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मात्र नाताळच्या कार्यक्रमाला बालवाडीतली निम्मी पोरे सांताक्लॉज होऊन येतात. सांता हाच ख्रिस्ती लोकांचा देव, असे मनापासून समजणारी भली माणसे मला लातुरात भेटली आहेत. ज्या मंडळीचा विश्वास गव्हाणीत जन्मलेल्या बाळावर आहे, तिची ओळख गावाला एका पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यावरून पटते. म्हणून दर वर्षी नाताळापूर्वीचा आगमनकाळ सुरू झाला की तरुण संघाच्या बैठकीत, महिला मंडळात, कॅरलच्या सरावात तोच वाद निघतो: सांताला चर्चमध्ये घ्यायचे की नाही? झाड सजवायचे की नाही?

या वादाच्या सगळ्या बाजू नीट मांडून पाहाव्यात म्हणून हा लेख. माझे म्हणणे आधीच सांगतो. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी परदेशी लोककथेला एक माप लावले आणि स्वतःच्या मातीतल्या लोककथेला दुसरे. सांताबद्दलचा वाद खरा आहे, पण येळवशीला सोडून तो अर्धाच राहतो.

आधी इतिहास, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे जी आमच्या मंडळ्यांत सहसा सांगितली जात नाही. मराठी मुलखात प्रॉटेस्टंट धर्म आणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी नाताळ नव्हताच. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. ते न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांतले. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ मध्ये गेला, पण नाताळची सरकारी सुटी तिथे मिळाली ती १८५६ मध्ये, म्हणजे नगरचे ठाणे होऊन पंचवीस वर्षे उलटल्यावर. इंग्लंडच्या पार्लमेंटनेही प्युरिटनांच्या काळात, १६४७ मध्ये, नाताळ रद्द केला होता. जालन्यात काम उभे केले ते स्कॉटिश मिशनने. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले ते याच मिशनच्या छायेत. आणि स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुटी कधीची? १९५८ ची. बायबलात ज्या सणाची आज्ञा नाही तो सण पाळू नये, अशी या लोकांची धारणा होती. तेव्हा आज उदगीरचा किंवा देगलूरचा एखादा पेंटेकॉस्टल सुवार्तिक नाताळ हा बायबलाबाहेरचा सण आहे असे म्हणतो, तेव्हा तो काही नवे बोलत नसतो. तो मराठी प्रॉटेस्टंटांच्या पहिल्या गुरूंचीच भाषा बोलत असतो.

मग हा सगळा थाट आला कुठून? थोडा छावण्यांतून: जालना-औरंगाबादच्या लष्करी वस्तीत अँग्लिकन उपासना होती आणि औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते. बराचसा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आलेल्या अमेरिकन मेथडिस्टांकडून. तोवर अमेरिकेतल्या घराघरांत झाड आणि सांता दोन्ही स्थिरावले होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते आणि बिदर-उदगीर हा मेथडिस्टांचा पट्टा. मिशनच्या बोर्डिंगांतल्या मुलांसाठी परदेशातल्या संडे स्कुलांतून नाताळच्या पेट्या येत. त्यांत बाहुल्या, रंगीत कार्डे, लोकरीचे मोजे असत. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या घरातल्या पोराला आयुष्यातली पहिली भेटवस्तू त्या पेटीतून मिळाली असेल, तर त्या पेटीवरच्या चित्रातला म्हातारा त्याला परका कसा वाटावा? नांदेडच्या पूर्वेकडच्या तालुक्यांचा ओढा निजामाबाद-मेदककडे. मेदकचे भव्य कॅथीड्रल वेस्लियन मिशनने दुष्काळातल्या मजुरांच्या हातून उभारले आणि त्याचे समर्पण झाले तेच २५ डिसेंबर १९२४ रोजी. आजही नाताळला तिथे तेलंगणाबरोबरच महाराष्ट्र आणि कर्नाटकातून माणसे जातात. कॅथलिकांची गोष्ट वेगळी. १९७७ मध्ये औरंगाबादचा धर्मप्रांत झाला तेव्हा त्यांच्याकडे गव्हाणीचा देखावा, मध्यरात्रीची मिस्सा आणि संतांचे सण यांची अखंड परंपरा होती. त्यांना नाताळची लाज कधी वाटलीच नाही.

मंडळ्यांनी या सणाला आपलेसेही केले. फराळ दिवाळीचाच: करंज्या, शंकरपाळे, लाडू, चिवडा. केक अलीकडचा. दिवाळीत आकाशकंदील करणारे हातच बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन चांदणी बांधतात. कॅरलला निघालेली टोळी हार्मोनियम, ढोलकी आणि टाळ घेऊन घरोघर जाते आणि तिच्या गाण्यांत भजनाच्या चाली सर्रास असतात. ३१ डिसेंबरची रात्रीची भक्ती तर वेस्लीच्या काळापासूनची मेथडिस्ट रीत. तिला इथे नाताळाइतकीच गर्दी होते.

आता आक्षेप. सगळ्यात जास्त ऐकू येणारा तारखेचा. येशूचा जन्म २५ डिसेंबरला झाला असे शुभवर्तमान सांगत नाही, आणि रोमी लोकांचा अजिंक्य सूर्याचा सण त्याच तारखेला होता, म्हणून हा मूर्तिपूजकांचा सण. यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सम्राट ऑरेलियनने सूर्यदेवाचे मंदिर २७४ मध्ये उभारले. नाताळ २५ डिसेंबरला पाळल्याचा सर्वांत जुना पुरावा रोममधल्या ३५४ च्या पंचांगवजा संग्रहात मिळतो. पण दुसरा एक मतप्रवाह असा की जुन्या ख्रिस्ती गणितात येशूची गर्भधारणा आणि मृत्यू एकाच तारखेला, २५ मार्चला, धरत आणि त्यावर नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. मला स्वतःला या वादात फार जीव वाटत नाही. दिवस कोणताही पाळा किंवा पाळू नका, पण त्यावरून भावाला दोषी ठरवू नका, असा पौलाने रोमकरांना सल्ला दिलाच आहे.

झाडाविरुद्ध यिर्मयाचा दहावा अध्याय पुढे करतात. रानातून झाड तोडून, सोन्यारुप्याने मढवून, खिळ्यांनी ठोकून उभे करण्याची तिथे निंदा आहे. पण तो अध्याय शांतपणे वाचला तर तिथे लाकडाची मूर्ती घडवणाऱ्या कारागिराचे वर्णन आहे हे दिसते. सजवलेल्या झाडाची जर्मन चाल त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी आली. लातुरात देवदार नाही. सुरूची फांदी नाहीतर प्लॅस्टिक. त्याला कोणी हात जोडत नाही, नवस बोलत नाही. हा आक्षेप टिकत नाही.

शिवाय झाड काढून टाकायचे तर गव्हाणीचा देखावाही तपासावा लागेल. तो फ्रान्सिस ऑफ असिसीने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी प्रथम मांडला असे मानतात. त्यातले बैल आणि गाढव लूकच्या शुभवर्तमानात नाहीत. ते यशयाच्या एका वचनावरून आले. पूर्वेकडचे मागी किती होते हे मत्तय सांगत नाही. ते तीन झाले आणि राजे झाले ते पुढच्या शतकांत. आमच्या नाताळच्या नाटिकेत फेटे बांधून, कमरेला तलवार लावून येणारे तीन राजे हीसुद्धा लोककथाच आहे, आणि तिचे कोणाला वावडे नाही. या सगळ्या सामानात फक्त चांदणीलाच मत्तयाचा भक्कम आधार आहे.

सांताविरुद्धचा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो झाडाच्या आक्षेपाबरोबर एकाच दमात उडवून लावता येत नाही. एक बाजू खरेपणाची. आईवडील मुलाला सांगतात की भेटी सांता आणतो, आणि त्याच तोंडाने सांगतात की येशू तुझी प्रार्थना ऐकतो. आठव्या-नवव्या वर्षी पहिली गोष्ट खोटी निघते, दुसरीचे काय? पाश्चात्त्य ख्रिस्ती घरांत हा प्रश्न बोचरा आहे. आपल्याकडे तो तितका नाही, कारण इथे सांता ही गुपचूप खोलीत येणारी व्यक्ती नसून स्टेजवर येणारे सोंग आहे. दाढीआडचा सांता हा तरुण संघातला आपलाच दादा आहे हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. वासुदेव, बहुरूपी पाहिलेल्या मुलखात सोंग म्हणजे फसवणूक नव्हे, हे कुणाला शिकवावे लागत नाही.

दुसरी बाजू खोल आहे. सांता हिशेब ठेवतो. वर्षभर कोण शहाण्यासारखे वागले, कोण वांड, याची यादी चित्रगुप्ताच्या वहीसारखी त्याच्याकडे असते आणि त्याप्रमाणे भेट मिळते. नाताळचा संदेश नेमका याच्या उलट आहे: लायकी न पाहता दिलेले दान. शुभवर्तमानात पहिली बातमी मिळाली ती रात्री मेंढरे राखणाऱ्यांना, चांगल्या वागणुकीचा दाखला न मागता. वास्तवात तर सांताची यादी वागणुकीचीही नसते, बापाच्या खिशाची असते. ज्याच्या घरी पैसा त्याच्या मोज्यात सायकल, ऊसतोडीला गेलेल्याच्या पोराच्या मोज्यात काही नाही, कारण मोजाच नाही. चांगल्या वागणाऱ्याला भेट मिळते असे सांगितलेले ते पोर यातून स्वतःबद्दल काय शिकेल? सांताला नकार देणाऱ्यांचा एवढा एक मुद्दा मला निर्णायक वाटतो.

सांताला जाळण्यापर्यंतही मजल गेली आहे, आणि ती दोन विरुद्ध टोकांनी. २३ डिसेंबर १९५१ रोजी फ्रान्समधल्या दिजाँ शहरात कॅथीड्रलसमोर त्याचा पुतळा जाळला गेला, धर्मगुरूंच्या संमतीने आणि मंडळीतल्या मुलांदेखत. तो नाताळ बळकावतो आहे, ही तक्रार. क्लोद लेव्ही-स्त्रोस या मानववंशशास्त्रज्ञाने पुढच्या वर्षी त्यावर निबंध लिहिला. मुलांच्या भोळ्या विश्वासाआड मोठी माणसेच बिनहिशेबी औदार्यावर विश्वास ठेवू पाहतात, असे काहीसे त्याचे निदान. मग सत्तर वर्षांनी, २०२१ च्या डिसेंबरात, आग्र्यात सांताचे पुतळे जळाले ते हिंदुत्ववादी कार्यकर्त्यांच्या हातून. त्यांच्या मते सांता हा मुलांना भेटी देऊन धर्मांतराकडे ओढणारा. चर्चला तो पुरेसा ख्रिस्ती वाटला नाही आणि आग्र्यात तो फारच ख्रिस्ती ठरला. मराठवाड्यातल्या छोट्या मंडळीला या दुसऱ्या आगीचा विचार टाळता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती राहिल्या नाहीत. कागदावर एक आणि मनात एक अशी जगणारी घरे या भागात आहेत. त्यांच्या दारावर चांदणी टांगणे हा सजावटीचा प्रश्न नसतो.

आता येळवस.

ज्वारी पोटऱ्यात येण्याच्या, हरभरा-तूर भरण्याच्या दिवसांत हा सण येतो. काळी आई गरोदर आहे, तिचे डोहाळे पुरवायचे, अशी त्यामागची भावना. शेतात कडब्याची खोप करतात, आत पाच दगड मांडून चुन्याने रंगवतात, ते पांडव. लक्ष्मीची पूजा होते, आंबील शेतभर शिंपडतात. आणि मग जेवण: तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि मिळेल ती भाजी घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, मडक्यातली आंबील. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून पंगतीला बसवतात. लातूरच्या माणसाला वर्षातला सगळ्यात आवडता दिवस विचारा, दिवाळीच्या आधी तो येळवस सांगेल. तिथी सरकत राहते, पण नाताळला चिकटून ती अनेकदा येते: २०११ मध्ये ती २४ डिसेंबरला होती, २०१९ मध्ये अमावस्या २५ आणि २६ डिसेंबरला विभागून आली, आणि २०३० मध्ये ती पुन्हा २४ डिसेंबरला पडते आहे. दुपारी शेतातली पंगत, रात्री कॅरल.

या सणाबद्दल मंडळ्यांची अधिकृत भूमिका सरळ आहे: तो परक्या दैवतांचा आहे, विश्वासणाऱ्याने जाऊ नये. सांताबद्दल जसा दर वर्षी वाद होतो तसा येळवशीबद्दल होतसुद्धा नाही. प्रश्न मिटलेला आहे असे धरून चालतात. आणि लोक काय करतात? जातात. शेजारी बोलावतो, शाळेतला सहकारी बोलावतो, नाही कसे म्हणणार? खोपीतल्या पूजेच्या वेळी बांधावर उभे राहतात, पंगतीला बसतात, आंबील पितात. काही जण रविवारी पाळकसाहेबांना त्याबद्दल बोलत नाहीत, एवढेच.

मूर्तीला दाखवलेले अन्न खावे की नाही हा प्रश्न करिंथच्या मंडळीने पौलाला विचारला होता, आणि त्याचे उत्तर आमच्या उपदेशांतल्यापेक्षा बारकाईचे आहे. मूर्ती काही नाही, तेव्हा अन्नाला काही होत नाही. पूजेच्या मेजावर भागीदार होऊ नका. कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, समोर येईल ते खा. दुबळ्या भावाला ठेच लागणार असेल तर मात्र आवर घाला. बांधावर उभा राहून मग पंगतीला बसणारा ख्रिस्ती शेतमजूर नकळत हेच करतो आहे. त्याने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय कदाचित वाचलेला नसेल, पण त्याची वागणूक त्यांना धरून आहे.

पण मंडळ्यांच्या कठोरपणाला केवळ मिशनऱ्यांचे अंधानुकरण म्हणणे सोपे आणि चुकीचे होईल. इथले बहुसंख्य ख्रिस्ती मांग आणि महार समाजांतून आले. गावच्या सणात त्यांना जागा होती ती कशी? हलगी वाजवण्याची, पोतराज होऊन अंगावर आसूड ओढण्याची, मेलेले जनावर ओढण्याची, शेवटी उरलेले मागून नेण्याची. येळवस जमीनवाल्याचा सण होता. मजुराची पंगत वेगळी आणि नंतरची. त्या आजोबा-पणजोबांनी गावचे सण सोडले तेव्हा त्यांनी आपली संस्कृती टाकली, असे आज सुखवस्तू माणसे म्हणतात. त्यांनी टाकली ती हलगीची सक्ती. नाताळच्या झाडाखाली कोणाची पायरी कोणती हे ठरलेले नव्हते. त्या पेटीतल्या बाहुलीला जात नव्हती. परका सण त्यांना जवळचा वाटला तो याच कारणाने, आणि मला त्यांचा निर्णय पूर्ण समजतो. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला जे घडले त्याच्याशी या नकाराचे नाते आहे. एकाच घरातला एक भाऊ बौद्ध आणि एक ख्रिस्ती असेल, तर दोघांनीही सोडले ते एकच.

म्हणून येळवशीला चर्चमध्ये आणा असा साधा उपाय मी सुचवणार नाही. चर्चच्या इतिहासात तसे उपाय पुष्कळ आहेत. पोप ग्रेगरीने ६०१ मध्ये इंग्लंडमधल्या आपल्या लोकांना कळवले की देवळे पाडू नका, शुद्ध करून वापरा, आणि बळीच्या मेजवान्यांना संतांच्या सणांच्या मेजवान्या करा. उलट टोकाला गोव्याच्या इन्क्विझिशनचा १७३६ चा जाहीरनामा, ज्याने लग्नातल्या, स्वयंपाकातल्या, अंगणातल्या बारीकसारीक देशी चालींवर बंदी घातली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये रोमने भारतीय कॅथलिकांना आरती, समई, जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार अशा बारा गोष्टींना मुभा दिली. मराठीत तर याच्या कितीतरी आधी फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले होते. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट येशूजन्माची कथा ओवीत सांगतो. त्यात सांता नाही, झाड नाही, आणि तरीही ती ऐकणाऱ्याला आपली वाटते. रेव्हरंड टिळकांनी भजन-कीर्तनाची वाट रुळवली आणि कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तने रंगवली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत धाराशिवला, म्हणजे येळवशीच्याच मुलखात, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्माने ख्रिस्ती आणि संस्कृतीने मराठी असण्यात अंतर्विरोध नाही, ही भूमिका त्यांनी जन्मभर मांडली. पण ही सारी परंपरा बहुतांशी वरून आलेली, वाङ्मयाची आणि विधींची. हलगीच्या सक्तीतून सुटलेल्या माणसाला आरती हवी आहे का, हे त्याला कोणी फारसे विचारले नाही.

मला वाटते, प्रश्न दोन्हीकडे एकच विचारावा. या चालीत आपण कोणापुढे वाकतो? आणि या चालीत कोण मागे राहतो, कोणाची पंगत वेगळी पडते? येळवशीतली खोपीतली पूजा पहिल्या प्रश्नावर अडते, ती सोडावी. वाटसरूला हाक मारून जेवू घालणे दोन्ही प्रश्नांवर पार पडते, आणि आज पंगती वेगळ्या नसतील तर तिथे जाण्यात मान खाली घालण्यासारखे काही नाही. सांता पहिल्या प्रश्नावर सुटतो, त्याला कोणी पूजत नाही, पण दुसऱ्यावर तो सपशेल अडतो. ज्या मंडळीने येळवशीला पाप ठरवले आणि सांताला गंमत म्हणून सोडून दिले, तिने फक्त पहिलाच प्रश्न विचारला.

एक विसंगती तर डोळ्यांसमोर आहे. आमच्या बऱ्याच मंडळ्यांत सुगीचा सण होतो. ज्वारीची पोती, भोपळे, कोंबड्या चर्चमध्ये आणतात, उपकारस्तुती होते, मग लिलाव. हा सण आताच्या रूपात रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकाने १८४३ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये सुरू केला, तिथल्या जुन्या शेतकरी चालींना चर्चच्या आत आणून. इंग्लंडच्या शिवारातली चाल शुद्ध होऊ शकली आणि औशाच्या शिवारातली होऊ शकत नाही, याला बायबलात आधार नाही. मंडळीने सुगीचा हा सण एखाद्या वर्षी शेतात नेला, खोपीशिवाय, पांडवांशिवाय, एकाच पंगतीने, जमीन असलेला आणि नसलेला शेजारी शेजारी बसवून, आणि गावातल्या बिनख्रिस्ती मजुरांनाही हाक मारून, तर त्यात काय अडचण आहे? अडचण जमिनीची आहे, हे मला कळते. बहुतेक मंडळ्यांकडे चर्चच्या आवाराबाहेर गुंठाभर शेत नाही.

सांताचे काय करायचे याचे उत्तर जुन्या गोष्टीत सापडते. त्याच्या मुळाशी मायरा या आजच्या तुर्कस्तानातल्या शहराचा चौथ्या शतकातला बिशप निकोलस आहे. त्याचा सण ६ डिसेंबरला, त्याची हाडे १०८७ मध्ये इटलीतल्या बारीला नेली गेली. डच लोकांकडून तो अमेरिकेला गेला, १८२३ च्या एका कवितेने त्याला हरणांची गाडी दिली, टॉमस नास्टच्या व्यंगचित्रांनी पोट आणि पोशाख दिला, १९३१ पासूनच्या कोका-कोलाच्या जाहिरातींनी तो चेहरा जगभर पक्का केला. बिशपची टोपी वाटेत कुठेतरी गळाली. तिच्याबरोबर गळाली ती त्याची मूळ दंतकथा. एका कर्जबाजारी बापाच्या तीन मुली, हुंड्याला पैसा नाही म्हणून लग्न अडलेले, मुली विकण्याची पाळी आलेली. निकोलसने तीन रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली आणि आपले नाव कळू दिले नाही.

ही गोष्ट लातूर-नांदेडात समजावून सांगावी लागत नाही. मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज, विकलेले एकर, आणि बापाला त्रास नको म्हणून मुलीने स्वतःला संपवल्याची वर्तमानपत्रातली बातमी इथे प्रत्येकाने वाचली आहे. रेनडिअर आणि धुराडे आपल्या पोरांना परके. ही खिडकी परकी नाही. संडे स्कुलाने लाल टोपीच्या नाचाऐवजी ही नाटिका बसवावी असे मी माझ्या ओळखीच्या काही मंडळ्यांत सुचवत आलो आहे. थैली टाकणाऱ्याकडे यादी नसते, तो मुलींच्या वागणुकीची चौकशी करत नाही, म्हणजे सांतावरचा सगळ्यात मोठा आक्षेपही गळून पडतो.

तरी नाटिका बसवताना एका ठिकाणी गाडी अडेल, आणि ती अडायलाच हवी. एका गावी तालमीआधीच्या चर्चेत नववीतल्या मुलीने ते बरोबर पकडले: निकोलसने हुंडा भरला, पण हुंडा मागणाऱ्यांना काहीच विचारले नाही. दंतकथा तिथे गप्प आहे. त्या मुलीने चौथा प्रवेश लिहायला घेतला आहे. त्यात बिशप वराच्या घरी जातो.